पेशींच्या अंगावरची साखर

(सामुदायिक रेडिओच्या महिला आरोग्य कार्यक्रमातलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आजचा विषय स्वयंपाकघराच्या जवळचा आहे.

आमच्या आरोग्यगटाकडे सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो आहे. कुणी विचारतं, "साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, हे खरं का?" कुणी विचारतं, "सासूबाईंना गाठ निघाली आहे, त्यांचा चहा-गूळ सगळं बंद केलंय, बरोबर केलं ना?" कुणी मोबाईलवर आलेला निरोप दाखवतं, की कडधान्यांत 'लेक्टिन' नावाचं विष असतं. कुणाला कुणीतरी महागडी पावडर दिलेली असते. या सगळ्यांत साखर आणि कॅन्सर हे दोन शब्द येतात, पण कुठली साखर हे कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही ठरवलं, की या गोष्टीच्या मुळाशी जायचं.

आपण साखर म्हटलं की डब्यातली साखर डोळ्यांपुढे येते. पण आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर बाहेरून साखरेची लव असते. भेंडीच्या अंगावर कशी बारीक लव असते, तशी. ही साखर गोडासाठी नाही आणि ताकदीसाठीही नाही. ती ओळखीसाठी आहे. वेगवेगळ्या साखरेचे मणी एकमेकांना जोडून छोट्या छोट्या माळा झालेल्या असतात आणि त्या पेशीच्या बाहेर लोंबत असतात. त्यांतल्या काही साखरांची नावं सांगतो: मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, सायलिक आम्ल. नावं विसरलात तरी चालेल. लक्षात एवढंच ठेवा, की कुठल्या पेशीवर कुठली माळ आहे यावरून ती कोण आहे, ते कळतं.

याचं रोजचं उदाहरण म्हणजे आपला रक्तगट. ए गट आणि बी गट यांत फरक काय? तांबड्या पेशीवरच्या माळेच्या टोकाला कुठली साखर बसली आहे, एवढाच. ए गटात एक, बी गटात दुसरी, एबी गटात दोन्ही आणि ओ गटात यांपैकी एकही नाही, नुसती मूळची माळ. आणि ही मूळची माळसुद्धा पुरी नसलेली माणसं असतात. त्यांचा शोध आपल्या मुंबईत लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला, म्हणून जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. या माणसांना ओ गटाचंसुद्धा रक्त चालत नाही, फक्त आपल्यासारख्याच बॉम्बे गटाचं लागतं. एका साखरेच्या मण्याचा फरक, पण तेवढ्यावर जीव अवलंबून.

माळा आहेत, तर त्या वाचणारं कुणीतरी हवं. ते काम करतात काही खास प्रथिनं. त्यांना म्हणतात लेक्टिन. प्रत्येक लेक्टिनला ठराविक साखरच पकडता येते, दुसरी नाही. लेक्टिन हा शब्द विल्यम बॉइड या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये सुचवला. लॅटिन भाषेतल्या 'निवडणे' या अर्थाच्या शब्दावरून तो घेतला आहे. आपण सुपात धान्य घेऊन खडा वेगळा आणि दाणा वेगळा करतो, तसंच हे.

आता गंमत अशी, की ही प्रथिनं माणसाला पहिल्यांदा सापडली ती बियांमध्ये. १८८८ मध्ये, आज जे एस्टोनिया आहे तिथल्या विद्यापीठात, हेरमान श्टिलमार्क हा तरुण एरंडाच्या बियांचा अभ्यास करत होता. त्या बियांचा अर्क रक्तात घातला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, हे त्याने पाहिलं. त्या अर्कातलं रायसिन हे भयंकर विष आहे. जाता जाता सांगतो, बांधावर एरंड असेल तर लहान मुलांना त्याच्या बिया चघळू देऊ नका.

पुढे एकेक करत आपल्या डब्यांतली बरीचशी कडधान्यं प्रयोगशाळेत पोहोचली. कोकणात ज्याचं पिठलं होतं आणि देशावर माडगं होतं, तो कुळीथ घ्या. कुळथातलं लेक्टिन ए गटाची साखर ओळखतं. भारतात काम करणाऱ्या जॉर्ज बर्ड यांनी १९५१ मध्ये हे दाखवून दिलं. ए गटाचेही दोन मुख्य उपप्रकार आहेत, ए-वन आणि ए-टू. ते वेगळे ओळखायला रक्तपेढीत आजही कुळथाचा अर्क वापरतात. शेंगदाण्यातलं लेक्टिन आणि फणसाच्या आठळीतलं लेक्टिन यांची रचना कशी असते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९९० च्या दशकात उलगडून दाखवलं. फणसाच्या लेक्टिनचं नावच मुळी 'जॅकॅलिन' आहे, फणसाच्या इंग्रजी नावावरून पडलेलं.

राजम्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी बाजूला काढायला राजम्याचा अर्क वापरत असत. १९६० मध्ये अमेरिकेत पीटर नोवेल यांच्या लक्षात आलं, की हा अर्क घातला की मागे राहिलेल्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि वाढून दुभंगायला लागतात. तोवर असं मानत, की या पांढऱ्या पेशी म्हणजे वाढ संपलेल्या पेशी. त्या पुन्हा वाढू शकतात हे कळलं आणि रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला नवी वाट मिळाली. आजही कुणा बाईचा गर्भ वारंवार पडत असेल आणि डॉक्टरांनी नवरा-बायकोच्या गुणसूत्रांची तपासणी सांगितली, तर त्या रक्ताच्या नमुन्यात पेशी वाढाव्यात म्हणून राजम्यातलंच प्रथिन घालतात.

सोयाबीनने तर पोरं वाचवली आहेत. काही बाळं जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली असतात. त्यांना दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी द्याव्या लागतात. पूर्ण जुळणारा भाऊ किंवा बहीण नसेल तर? आईच्या किंवा बापाच्या पेशी निम्म्याच जुळतात. त्या तशाच दिल्या तर त्यांतल्या लढाऊ पेशी बाळाच्याच शरीरावर हल्ला करतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमधले नेथन शॅरन आणि याइर राइझ्नर यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर एक युक्ती काढली. सोयाबीनच्या लेक्टिनचा उपयोग करून या लढाऊ पेशी मज्जेतून वेगळ्या करायच्या आणि उरलेली मज्जा बाळाला द्यायची. निम्मी जुळणारी मज्जा बाळाला चालू शकते, हे त्यातून सिद्ध झालं.

हे झालं वनस्पतींचं. पण लेक्टिन आपल्या शरीरातही आहेत आणि तिथे ती पहारेकऱ्याचं काम करतात.

आपलं यकृत एक लेक्टिन तयार करून रक्तात सोडतं. ते मॅनोज ही साखर पकडतं. अनेक जंतूंच्या आणि बुरशीच्या अंगावर मॅनोज उघडी आणि दाट असते, आपल्या पेशींवर ती अशी उघडी नसते. हा पहारेकरी जंतूला चिकटला की रक्तातली इतर प्रथिनं धावून येतात आणि जंतूला भोक पाडतात किंवा खाणाऱ्या पेशींच्या ताब्यात देतात. यासाठी आधी ती लस घेतलेली असायला लागत नाही, की तो आजार होऊन गेलेला असायला लागत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगातही हा पहारा असतो.

दुसरी लेक्टिनं रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला असतात. त्यांना सिलेक्टिन म्हणतात. समजा, बोटाला काटा लागला. त्या जागी पांढऱ्या पेशी पोहोचायला हव्यात, पण त्या तर रक्ताच्या धारेत वाहत चाललेल्या. पुराच्या पाण्यात वाहणाऱ्या माणसाला काठावरच्या वेली हाताला लागाव्यात, तसं होतं. सिलेक्टिन त्या पेशीच्या अंगावरची साखर धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. पेशीचा वेग कमी होतो, ती भिंतीवरून गडगडत येते, थांबते आणि भिंतीतून बाहेर पडून जखमेकडे जाते. काही मुलांच्या पेशींवर ही साखर जन्मतःच नीट बनत नाही. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण त्या जागेवर पोहोचत नाहीत आणि मूल सारखं आजारी पडतं.

जंतूही काही कमी नाहीत. त्यांच्याकडेही लेक्टिन असतात. बायकांना वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होतो, त्यातला नेहमीचा जंतू आपल्या बारीक केसांच्या टोकाला असलेल्या लेक्टिनने मूत्राशयाच्या आतल्या साखरेला धरून बसतो. म्हणून तो लघवीबरोबर सहज वाहून जात नाही. आईच्या दुधात मात्र यावर निसर्गाने उपाय ठेवला आहे. अंगावरच्या दुधात दीडशेहून जास्त प्रकारच्या साखरेच्या माळा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशासाठी? काही माळा बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं अन्न होतात. काही आमिषाचं काम करतात. वाईट जंतू बाळाच्या आतड्याला धरण्याऐवजी या माळांना धरतो आणि शीमधून बाहेर जातो. अंगावर पाजा, असं आम्ही सारखं सांगतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता कॅन्सरकडे येऊ.

कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपलीच, पण बिघडलेली. ती बिघडते तेव्हा तिच्या अंगावरच्या माळाही बदलतात. काही अर्धवट राहतात, काही नको तेवढ्या वाढतात. निरोगी पेशीवर एक साखर झाकलेली असते, ती काही कॅन्सरच्या पेशींवर उघडी पडते. शेंगदाण्याचं लेक्टिन नेमकी तीच ओळखतं.

पण शरीराला सगळ्यांत चकवणारी साखर म्हणजे सायलिक आम्ल. आपल्या पेशींच्या माळांच्या टोकाला ते असतं. आपल्या लढाऊ पेशींवर सिग्लेक नावाची लेक्टिनं असतात. समोरच्या पेशीवर सायलिक आम्ल दिसलं की सिग्लेक आतून लगाम ओढतं: थांब, हा घरचाच आहे. हा लगाम हवाच. तो नसेल तर आपलंच शरीर आपल्यावर उठेल. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी काय करतात, तर सायलिक आम्लाचा जाड थर अंगावर चढवतात. लग्नघरात एखादा चोर झकपक कपडे घालून शिरतो. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. त्याला पंगतीत आग्रहाने वाढलं जातं आणि तो दागिन्यांचा डबा घेऊन पसार होतो. तसंच हे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आणि स्तनाच्या कॅन्सरच्या एका अवघड प्रकारात पेशी अशाच एका खुणेने, सिग्लेकमार्फत, खाणाऱ्या पेशींना थोपवतात. उंदरांमध्ये ती खूण झाकली, तेव्हा लढाऊ पेशींनी कॅन्सरच्या पेशी खायला सुरुवात केली.

दुसरा डाव गॅलेक्टिन या लेक्टिनांचा. बऱ्याच कॅन्सरच्या गाठी ती जास्त प्रमाणात तयार करून भोवती सोडतात. ती लढाऊ पेशींच्या अंगावरच्या साखरेला चिकटतात. त्याने त्या पेशी मंदावतात, काही तर मरतात. म्हणजे लढाऊ पेशी गाठीच्या दाराशी येते आणि तिथेच गळून पडते.

तिसरा डाव पसरण्याचा. मघाशी सिलेक्टिन सांगितलं, पांढऱ्या पेशीला भिंतीशी आणणारं. कॅन्सरची पेशी तशीच साखर आपल्या अंगावर तयार करते. रक्तातून वाहत दूर जाते, तिथल्या सिलेक्टिनला धरते आणि भिंतीबाहेर पडून नव्या जागी ठाण मांडते. आपल्याच घराची किल्ली चोराच्या हाती लागली म्हणायची.

याचा आजच्या रुग्णाला उपयोग काय? तपासणीसाठी उपयोग आहे. 'सीए नाइन्टीन-नाइन' नावाची रक्ताची तपासणी तुम्ही ऐकली असेल. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार लागू पडतात की नाही, हे पाहायला ती करतात. त्या तपासणीत मोजतात ती एक साखरेचीच माळ. पण साध्या काविळीत, पित्तखडे अडकले तरी ती वाढते आणि काही माणसांच्या शरीरात ही माळ जन्मतःच बनत नाही. म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून कुणाला कॅन्सर आहे किंवा नाही, असं म्हणता येत नाही. मनाने ती तपासणी करून घेऊन घाबरून बसू नका. यकृताच्या कॅन्सरचा धोका असलेल्यांसाठी आणखी एक तपासणी आहे. तिच्यात रक्तातल्या एका प्रथिनाचा कुठला भाग मसुराच्या लेक्टिनला चिकटतो, ते पाहतात. होय, आपल्या आमटीचाच मसूर.

औषधांचं म्हणाल, तर सायलिक आम्लाचा थर काढणारी, सिग्लेकचा लगाम सैल करणारी, गॅलेक्टिनला अडवणारी औषधं शोधणं चालू आहे. बरीचशी चाचण्यांच्या पायरीवर आहेत आणि सगळ्याच चाचण्या यशस्वी होत नाहीत. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये सिलेक्टिन अडवणाऱ्या औषधाकडून मोठी आशा होती. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा त्याने रुग्णांचं आयुष्य अपेक्षेइतकं वाढलं नाही. विज्ञान असंच चालतं. पण कुणी तुमच्या दाराशी येऊन "हे घ्या, लेक्टिनवरचं औषध" म्हणत असेल, तर सावध व्हा.

आता सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं.

एक. चहातली साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो का? नाही. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं. पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण आपण साखर खाल्ली नाही तरी शरीर भाकरीतून, भातातून, गरज पडली तर स्वतःच्या मांसातूनसुद्धा ग्लुकोज बनवतं. आणि आज ज्या साखरेच्या माळा सांगितल्या, त्या पेशी स्वतः घडवतात. चहात किती चमचे घातले त्यावर त्या ठरत नाहीत. गोड कमी खाणं चांगलंच, मधुमेह आणि लठ्ठपणा टाळायला ते हवंच. पण केमोथेरपी चालू असलेल्या बाईला उपाशी ठेवलं, तर तिचं वजन उतरतं, अंगात त्राण राहत नाही आणि उपचार मध्येच थांबवावे लागतात. तिला पेज, खिचडी, डाळ, अंडं, दूध, जे जाईल ते द्या. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून द्या.

दोन. कडधान्यांतलं लेक्टिन विष आहे का? कच्च्या राजम्यातलं लेक्टिन त्रास देतं, चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. पण आपण राजमा कच्चा खातो कुठे? रात्री भिजत घाला, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळा किंवा कुकरमध्ये मऊ शिजवा. नीट शिजवलं की लेक्टिनचा जोर जातो. नुसत्या मंद आचेवर कोमट ठेवून शिजवू नका, एवढंच. या भीतीने उसळ-आमटी सोडली, तर घरातलं स्वस्तातलं प्रथिन आपण गमावून बसू. तसंच, प्रयोगशाळेत उपयोगी पडतं म्हणून कच्चा कुळीथ किंवा राजमा वाटून पिऊ नका. त्याने कॅन्सर बरा होत नाही, पोट मात्र बिघडतं.

तीन. लिंबू-संत्र्याच्या सालीची "गॅलेक्टिन रोखणारी" पावडर घ्यावी का? तिने माणसातला कॅन्सर बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. तो पैसा तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गाडीभाड्याला ठेवा. लघवीच्या संसर्गासाठी मॅनोजची पावडर विकतात, तिचंही तसंच. ब्रिटनमध्ये सुमारे ६०० बायकांवर अभ्यास झाला. २०२४ मध्ये निकाल आला, की रोज ती घेऊन संसर्ग कमी झाला नाही.

मैत्रिणींनो, कॅन्सरची पेशी आपल्या पहारेकऱ्यांना चकवते, हे आज तुम्ही ऐकलंत. आणि सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखत नाही. ताप नाही, सूज नाही, ठणका नाही. आणि दुखत नाही म्हणून आपण बायका अंगावर काढतो. आधी पेरणी होऊ दे, मग मुलीचं लग्न होऊ दे, मग दिवाळी होऊ दे. गाठ दुखत नाही, ही निश्चिंत होण्याची गोष्ट नाही. दाखवायला जाण्याची गोष्ट आहे.

शरीराचा पहारा चकला, तर आपल्या डोळ्यांचा आणि हातांचा पहारा आहेच. स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, कातडीला खळी पडणं. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, वास येणारा पांढरा स्राव. तोंडात पांढरा-लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं. मशेरी लावणाऱ्या मैत्रिणींनो, हे शेवटचं खास तुमच्यासाठी.

तीस वर्षांवरच्या बायकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते. आशाताईंना विचारा, दिवस ठरवून चौघी मिळून जा. या साध्या तपासणीला कमी समजू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा बारा वर्षं अभ्यास केला. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल गर्भाशयाच्या मुखाला लावून, प्रशिक्षित कार्यकर्तीने नुसतं डोळ्यांनी पाहायचं. एवढ्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. स्तनाची हाताने केलेली तपासणीही पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू कमी करते, हे त्याच रुग्णालयाच्या वीस वर्षांच्या अभ्यासातून २०२१ मध्ये पुढे आलं. तपासणीत काही निघालंच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

पुढच्या भागात आम्ही मशेरी कशी सोडायची, यावर बोलणार आहोत. सोडलेल्या दोघी-तिघी आपल्याबरोबर असतील. तुमचे प्रश्न आशाताईंकडे चिठ्ठीवर लिहून द्या; नाव घातलं नाही तरी चालेल. आणि उसळीसाठी कडधान्य रात्रीच भिजत घालायला विसरू नका.